मेरीनं नेलेला सूपाचा जग

चि. रूथ,
सप्रेम सलाम.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, मी काय करते गं? दवाखान्यात आजीचा डबा नेते नि रिकामा परत आणते." तेवढ्यात दादाचं बाळ उठलं आणि फोन ठेवावा लागला. उत्तर राहून गेलं, म्हणून पत्र लिहायला बसले.

काल दादा मला इथल्या, इंग्लंडमधल्या बेडफर्डच्या, बनियन संग्रहालयात घेऊन गेला. जॉन बनियन म्हणजे पाठीवर ओझं घेऊन निघालेल्या यात्रिकाची गोष्ट लिहिणारा. लहानपणी आजीच्या मांडीवर ऐकलीस ना, तीच. हरि केशवजींनी १८४१ साली ती 'यात्रिकक्रमण' नावानं मराठीत आणली, म्हणून आपल्या घरापर्यंत पोचली.

बनियन धंद्यानं भांडी सांधणारा. त्याची ऐरण तिथं आहे, तिच्यावर त्याचं नाव आणि १६४७ साल कोरलेलं आहे. तुरुंगाचा जाडजूड लाकडी दरवाजा आहे, त्यानं बनवलेलं लोखंडी व्हायोलिनही आहे. दादा व्हायोलिनपाशी किती वेळ उभा होता! मी मात्र सूपाच्या एका जगासमोरून हलले नाही. तुरुंगातल्या बापाला मेरी याच जगातून सूप नेत असे, असं इथं पिढ्यानपिढ्या सांगत आलेत.

मेरी ही त्याची थोरली लेक. जन्मापासून आंधळी. बापाला पकडलं तेव्हा, १६६० च्या नोव्हेंबरात, दहा वर्षांची असेल. त्याचा गुन्हा एवढाच, की सरकारमान्य चर्चबाहेर सभा भरवून उपदेश करायचा. पुन्हा करणार नाही, असं कबूल केलं असतं तर घरी येता आलं असतं. तो म्हणाला, आज सोडलंत तर देवाच्या साहाय्यानं उद्या पुन्हा करीन. बारा वर्षं गेली त्यात. पहिल्या बायकोची चार लेकरं दुसरीच्या, एलिझाबेथच्या, पदरात. ती बिचारी न्यायाधीशांपुढे जाऊन विनवण्या करून आली, उपयोग झाला नाही. तो आत बसून नाड्यांना धातूची टोकं बसवायचा, त्या विकून घराला हातभार लावायचा.

मला राहूनराहून वाटत होतं, लेकरांचा विचार कसा केला नाही ह्यानं? पण केला होता गं. त्यानंच लिहून ठेवलंय, बायकामुलांपासून तुटणं म्हणजे हाडावरचं मांस ओढून काढणं. त्यातही आंधळ्या पोरीसाठी जीव जास्त तुटायचा. "पोरी, तुला वारा लागलेलाही मला सोसत नाही, आणि तुला आता भूक, थंडी, भीक हे सगळं सोसावं लागेल," असा विचार करून तो कासावीस व्हायचा. हे कळलं तेव्हा माझा राग गेला. तो बरोबर होता की नाही हे अजूनही मला नक्की सांगता येत नाही, पण राग गेला.

त्यांचं घर सेंट कथबर्ट्स स्ट्रीटवर, तुरुंग हाय स्ट्रीटच्या कोपऱ्यावर. लांब नाही, दादानं मला चालवत नेलं. पण मेरीच्या जगात गरम सूप आहे, एका हातानं जगाचा कान धरलाय, दुसरा हात भिंतीला, आणि हिंदकळलं तर ते बोटांना चटका बसल्यावरच कळणार. मी तो रस्ता चालले तेव्हा सगळा वेळ तूच डोळ्यांपुढे होतीस. रिक्षात डबा मांडीवर धरून बसलेली, खड्डा आला की दोन्ही हातांनी झाकण दाबणारी.

आजी तुझ्याच हातून खाते, नर्सच्या हातून खात नाही, हे बाबांनी मला सांगितलं. तू सांगितलं नाहीस.

डब्याचा खटका सैल झालाय, मी निघायच्या आधीपासूनच. कपाटाच्या खालच्या खणात माझी जुनी सुती ओढणी आहे, ती घट्ट गुंडाळून वर गाठ मार. पेज सगळ्यात खालच्या डब्यात भर, आणि काठोकाठ नको.

तुझी,
आई