माननीय शिक्षणमंत्री, ५८ टक्क्यांच्या मुलानं कुठलं कॉलेज भरायचं?

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या एका अनुदानित शाळेत दहावीला गणित शिकवते. एकोणीस वर्षं झाली. निकाल लागला की दोन दिवस पेढ्यांचे, आणि तिसऱ्या दिवसापासून अकरावीच्या फॉर्मचे. हे काम माझ्या वेळापत्रकात नाही, पण शाळेत दोनच माणसांना ते नीट जमतं आणि दुसरे सर निवृत्त झाले.

२०२५ पासून अकरावीचा ऑनलाइन प्रवेश सगळ्या राज्याला लागू झाला. तोवर तो मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावतीपुरता होता. आमच्याकडं मूल बापाबरोबर एसटीनं जायचं, खिडकीवरून फॉर्म घ्यायचं, कुणाकुणाच्या चिठ्ठ्या निघायच्या. ते बंद झालं याचं मला वाईट वाटत नाही. त्यामुळं हे पत्र पोर्टल बंद पडल्याच्या तक्रारीचं नाही. पहिल्या वर्षी ते बंद पडलं, त्यावर बोलून झालं आहे.

जूनचा पहिला आठवडा होता. संगणक कक्षात माझ्यासमोर एक मुलगा बसला होता, शेजारी त्याची आई. ती कामावरून तशीच आलेली, हातात बटणांचा मोबाइल. ओटीपी आला की ती एकेक आकडा बोट ठेवून वाचायची आणि मी टाइप करायचे. दोनदा मुदत संपली, तिसऱ्यांदा लागला. मुलगा वर्गात शांत. भूमितीत बरा, बीजगणितात गडबडणारा, इंग्रजीला घाबरणारा. बेस्ट ऑफ फाइव्हनं ५८.२० टक्के. पसंतीक्रम भरायचे होते, कमीत कमी एक, जास्तीत जास्त दहा. मी एकेका कॉलेजवर क्लिक करून वाचून दाखवत होते: शाखा, माध्यम, अनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित, जागा, फी. चौथ्या कॉलेजला आईनं थांबवलं.

“मॅडम, ते समदं खरं. पर हितं पोरं शिकत्यात का नुसती बसत्यात?”

महोदय, तिचा हा प्रश्न आपल्या पोर्टलवर कुठंही नाही. हे पत्र त्या एका प्रश्नासाठी.

२०२५ला दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला, साडेचौदा लाखांवर मुलं पास झाली. २११ जणांना शंभर टक्के. त्यांचे फोटो आले, सत्कार झाले, आणि व्हायलाच हवेत. त्या मुलांना कॉलेज शोधावं लागत नाही, कॉलेजंच त्यांना शोधत येतात. पार तळाच्या मुलांसाठी निदान पुरवणी परीक्षा आहे. मधली जी पन्नास ते पासष्टमधली पोरं, त्यांच्यासाठी काय आहे? “कुठंतरी मिळेल की” हे वाक्य आहे. आणि मिळतंच. राज्यात अकरावीच्या जागा वीस लाखांहून जास्त, पास झालेली मुलं साडेचौदा लाख, त्यातली काही डिप्लोमा-आयटीआयला जाणारी. म्हणजे प्रवेश मिळणं हा या मुलांचा प्रश्नच नाही. कुठला घ्यावा, हा आहे.

आणि ते ठरवायला आपण त्यांच्या हातात काय देतो? कट-ऑफ. पहिल्या वर्षी तर आमच्या भागात मागच्या वर्षीचा कट-ऑफही नव्हता, सगळा अंधारच. पण असता तरी काय कळलं असतं? जिथं जागा रिकाम्या राहतात तिथं कट-ऑफ म्हणजे शेवटी जे मूल आलं त्याचे टक्के. ४१ टक्क्यांचा कुणी ऑगस्टात जाऊन बसला तर त्या कॉलेजचा कट-ऑफ ४१. तिथं फिजिक्सचे सर आहेत की नाहीत, प्रयोगशाळेचं कुलूप उघडतं की नाही, याचा त्या आकड्याशी काडीचा संबंध नाही. उलट बाजूलाही तेच. ९२ टक्क्यांची मुलं घेऊन त्यांना बारावीत ८० वर आणणारं कॉलेज आमच्या पालकांच्या लेखी ‘टॉप’च राहतं.

मग म्हणाल, बारावीचा निकाल बघा. तो बघू नका असं मी पालकांना सांगते, आणि का ते इथं लिहिते. हे मास्तर लोकांत सगळ्यांना ठाऊक आहे, लिहीत कुणी नाही. काही ठिकाणी अकरावीला ऐंशी मुलं असतात आणि बारावीला त्याच कॉलेजातून पन्नासच बसतात. मधल्या तिसांना दिवाळीनंतर घरी बोलावणं जातं. “तुमच्या मुलाचं हजेरीचं अवघड आहे, १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा, त्याच्याच भल्याचं आहे.” पालक मान डोलावतो. १७ नंबरचा फॉर्म सुटलेल्या, नोकरी करणाऱ्या माणसांना परत परीक्षेला बसता यावं म्हणून आहे, आणि ती सोय चांगलीच आहे. पण तीच वर्गातली पोरं गाळायची चाळण झाली, की गेटवर ‘निकाल १०० टक्के’चा फ्लेक्स लागतो. तो खोटा नसतो. फक्त भागाकारातला छेद बदललेला असतो. (गणिताची शिक्षिका आहे, एवढं खपवून घ्या.)

माझा एक विद्यार्थी असाच गाळलेला. दहावीला ६२ टक्के, तालुक्यातल्या नावाच्या कॉलेजात सायन्सला गेला. कॉलेजचं नाव लिहीत नाही, ते एकटं नाही. तिथं हजेरीपट कॉलेजात आणि शिकवणी खासगी क्लासमध्ये, अशी व्यवस्था होती. क्लासची फी वडिलांना झेपली नाही, आणि कॉलेजात तास होत नव्हते. वर्षभर तो एसटी स्टँडवर बसायचा, हे मला कंडक्टरकडून कळलं. बारावीला गणितात नापास झाला. त्याच वर्षी त्याच्याच बाकावरची मुलगी, ५६ टक्के, वरच्या गावातल्या हायस्कुलाला जोडलेल्या छोट्या कनिष्ठ महाविद्यालयात गेली. तिथं जावं असं कुणालाच वाटत नव्हतं. तिच्या घरच्यांनाही नाही, पण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आणि गाडी दारात थांबते म्हणून पाठवली. तिथल्या केमिस्ट्रीच्या बाई प्रात्यक्षिकाच्या दिवशी प्रत्येक पोरीच्या हातात स्वतः ब्युरेट देतात. लहान गट, पळून जायला जागा नाही. ती ६८ टक्क्यांनी पास झाली आणि आता नर्सिंगला आहे.

हे मला कसं माहीत? माझ्याकडं एक वही आहे. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. अकरा वर्षांपासून त्यात मी लिहिते: नाव, दहावीचे टक्के, कुठं गेला, बारावीला काय झालं. पेढे द्यायला येतात त्यांचं लगेच कळतं. न येणाऱ्यांचं बाजारात, लग्नात, यात्रेत विचारून घ्यावं लागतं. मधल्या टक्क्यांची पोरं कुठं गेली की वर येतात आणि कुठं गेली की विरघळतात, ते वही बघून आता बऱ्यापैकी सांगता येतं. कट-ऑफच्या क्रमाशी तो क्रम जुळत नाही. निम्म्या वेळा उलटा असतो.

त्या दिवशी मी त्या आईला पोर्टल बंद करून वहीतलंच सांगितलं. पण आमच्या शाळेतून कुणी गेलंच नाही अशा कॉलेजांबद्दल माझी वही मुकी आहे. आणि शेजारच्या शाळेतल्या मुलाला वहीच नाही.

आपल्याकडं मात्र सगळ्या राज्याची वही आहे, महोदय. अकरावीचा फॉर्म भरताना राज्य मंडळाच्या मुलाचा बैठक क्रमांक टाकला की दहावीचे गुण आपोआप येतात. बारावीचे परीक्षा अर्ज त्याच मंडळाकडं जातात, निकालही तेच लावतं. मूल आत शिरताना किती गुणांचं होतं आणि बाहेर पडताना किती, दोन्ही टोकं आपल्या हातात आहेत. मधे फक्त एक रेघ ओढायची आहे.

मागणी एवढीच, की पोर्टलवर प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक शाखेसमोर कट-ऑफच्या शेजारी आणखी थोडे आकडे यावेत. अकरावीला किती मुलं घेतली आणि त्यातली किती त्याच कॉलेजातून नियमित म्हणून बारावीला बसली. फ्लेक्सची हवा या एका आकड्यानं निघेल. दहावीला ५० ते ६५ टक्के असलेल्यांपैकी किती पहिल्या फटक्यात पास झाली, आणि त्यांच्यातलं अगदी मधलं मूल किती गुणांवर होतं. शिक्षकांची मंजूर पदं किती, पूर्णवेळ भरलेली किती आणि तासिका तत्त्वावर किती. जिथं अशी दहा मुलंही नाहीत तिथं आकडा झाकून ठेवा, पोरं ओळखू येतील. नवा सर्व्हे नको, नवी समिती तर नकोच. आणि कृपा करून ही माहिती शिक्षकांना पुन्हा ऑनलाइन भरायला लावू नका.

अशानं छोट्या कॉलेजांची बदनामी होईल, असं एक मुख्याध्यापक मला म्हणाले. मला नेमकं उलटं वाटतं. त्यांची बदनामी आज कट-ऑफनं रोजच चालू आहे. वरच्या गावातल्या त्या बाईंची ब्युरेट कुठल्या यादीत दिसते? ज्यांचं खरंच वाईट चाललंय त्यांचे आकडे वाईट दिसतील, हे खरं. पण पदं रिकामी असल्यामुळं वाईट असतील तर तेही शेजारीच दिसेल, आणि मग प्रश्न कॉलेजकडून मंत्रालयाकडं येईल. कदाचित अडचण तीच असावी.

शाखेबद्दलही एक लिहायचं आहे. कमी मार्क म्हणजे आर्ट्स, असा सल्ला आमच्याच स्टाफरूममधून जातो, मीही पूर्वी दिला आहे. २०२५च्या बारावीत विज्ञान शाखेचा निकाल ९७.३५ टक्के आणि कला शाखेचा ८०.५२. ‘सोप्या’ म्हटलेल्या शाखेत पाचातलं एक मूल नापास. आर्ट्स अवघड आहे असा याचा अर्थ नाही. जी मुलं आम्ही तिकडं ढकलतो त्यांना तिथं कुणी हात देत नाही, एवढाच मी काढते. इतिहास आवडतो म्हणून आर्ट्सला गेलेलं मूल आणि कुठंच नको म्हणून गेलेलं मूल एकाच बाकावर बसतं, आणि दुसऱ्याच्या संगतीनं पहिलंही तास बुडवायला लागतं.

आणि अकरावी हाच एक रस्ता नाही, हे तर त्या मुलाला सांगायलाच हवं होतं. हाताचं काम त्याला येतं, शाळेतला पंखा त्यानंच दुरुस्त केलेला. पॉलिटेक्निकला दहावीचे ३५ टक्के पुरतात, डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आयटीआयला वायरमन, फिटर आहे. पण अकरावी आपल्या खात्याकडं, पॉलिटेक्निक तंत्रशिक्षणाकडं, आयटीआय कौशल्य विकासाकडं. तीन पोर्टलं, तीन वेळापत्रकं, तीन ठिकाणी ओटीपी. अकरावीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथं प्रवेश घ्यावाच लागतो, नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. घेतला की मूळ दाखला कॉलेजात जमा. पुढं आयटीआयची यादी लागली तर तो दाखला सोडवून आणायला पुन्हा हेलपाटे, पुन्हा रोज बुडवणं. ९५ टक्केवाल्याला ही कसरत करावी लागत नाही. ज्याला तिन्ही दारं ठोठावून बघायची गरज आहे त्यालाच ती एका वेळी ठोठावता येत नाहीत. आपण तिघे मंत्री एकाच मंत्रिमंडळात बसता. निदान यादीच्या तारखा एकमेकांना विचारून ठरवाव्यात.

त्या मुलाचे आम्ही शेवटी चारच पसंतीक्रम भरले, दहा भरण्याइतकं माझ्याकडं सांगायला नव्हतं. आयटीआयचाही अर्ज केला. मी फॉर्म लॉक करायच्या आधी आईनं मुलाकडं बघून विचारलं, “तुला काय वाटतंय?” तो म्हणाला, “मॅडम म्हणतील तसं.” मला हे उत्तर आवडत नाही. साडेपंधरा वर्षांच्या मुलानं दोन-तीन आकडे बघून स्वतः काहीतरी म्हणावं, चुकीचं का असेना.

वही आपल्याला पाठवली असती, पण जूनमध्ये ती मला लागते. आपल्या कार्यालयातून कुणी मागितली तर मुलांची नावं झाकून झेरॉक्स पाठवीन. अक्षर बरं आहे, फक्त २०२०-२१ची पानं जवळजवळ कोरी आहेत. त्या वर्षी परीक्षाच झाल्या नाहीत.

आपली,
इयत्ता दहावी ब ची वर्गशिक्षिका
जि. सातारा