पुठ्ठ्याच्या तीन तुकड्यांबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात नवा लॅपटॉप घरी आला. तुमच्या दुकानात पैसे मोजून झाल्यावर मी तुम्हाला नुसते ‘बरं, येतो’ म्हणालो होतो. आमच्याकडे आभार मानण्याची रीत तेवढीच असली, तरी तुमच्या बाबतीत ते तेवढ्यावर राहू नये असे वाटत राहिले, म्हणून हे उघड पत्र.

मी राळेगाव तालुक्यातला कपाशीचा शेतकरी, वय ५३, आणि रात्री जेवण झाले की तासभर लॅपटॉपवर फार्मिंग सिम्युलेटर हा शेतीचा खेळ खेळतो. दिवसभर शेत करून रात्री पुन्हा शेतच, याचे लोकांना हसू येते. या खेळात कपाशी पहिल्यांदा आली ती २०१८ साली निघालेल्या आवृत्तीत, आणि माझा जुना लॅपटॉपही त्याच वर्षीचा: १५.६ इंची पडदा आणि जीटीएक्स १०५० ग्राफिक्स कार्ड. आमच्या शिवारात वेचा अजून बायांच्या हातांनी, किलोच्या मजुरीवर होतो. पडद्यावर मात्र एक अवाढव्य यंत्र या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत कापूस वेचते आणि त्याचा गठ्ठा बांधून मागे टाकून देते. ते पाहण्यात मला सुख आहे, आणि त्याचे कारण कोणाला द्यावे असे मला वाटत नाही.

दुकानांत मात्र ते द्यावे लागले. लॅपटॉप तापून आपोआप बंद पडू लागला, तेव्हा पहिल्या दुकानदाराने तो बावीस दिवस ठेवून घेतला आणि ‘मदरबोर्ड गेला’ म्हणून परत केला. तळाच्या स्क्रूंवरची धूळ होती तशीच होती. नागपुरातल्या एका चकचकीत दुकानात, मला चष्म्यामुळे १७ इंचांचा पडदा हवा आहे असे सांगितल्यावर, तिथला तरुण म्हणाला, ‘काका, सातबारा पाहायला एवढा मोठा कशाला?’ त्याच्या सोबतचे दोघेही हसले. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर, लांब धाग्याच्या कापसाला २०२५-२६ च्या हंगामात क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव असताना, ओलाव्याच्या चिंतेने रात्रभर गाडीजवळ बसून मिळवलेले पैसे माझ्या खिशात होते. ते तसेच घेऊन मी परतीच्या एसटीत बसलो.

मग तुमच्याकडे आलो, तर तुम्ही सगळ्यांत आधी स्क्रूड्रायव्हर घेतला. पंख्यापुढच्या जाळीतून चिमट्याने जी करडी, घट्ट लादी तुम्ही ओढून काढली, ती हातात घेतल्यावर मला ओळख पटली: तो आमच्याच घरचा कापूस होता. वेचून आणलेला कापूस विकेपर्यंत ज्या खोलीत रचतो, त्याच खोलीत माझे टेबल आहे. सात वर्षे तो लॅपटॉप कापसाचे तंतू ओढत होता आणि वैशाखात, बाहेर पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना, तसाच घुसमटत चालत होता. साफ केल्यावर तो सुरू झाला. तरीही सातव्या पिढीचा त्याचा इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही आणि विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, हे तुम्ही लपवले नाही, आणि त्याचा धाक दाखवून नवा गळ्यातही मारला नाही.

ग्राफिक्स कार्डाचे तुम्ही सांगितलेले मी आता गावभर सांगत असतो. आरटीएक्स ४०६० हे नाव दोन लॅपटॉपांवर सारखेच छापलेले असले, तरी बनवणारी कंपनी त्याला ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज देऊ शकते, आणि खेळ किती सुरळीत चालेल ते बरेचसे त्यावर ठरते. ‘काकाजी, विहिरीवरची मोटर पाच एचपीची हाय, पण व्होल्टेजच नसलं तर पाणी येते का?’ एवढ्या एका वाक्यात तुम्ही जे समजावले, ते त्या चकचकीत दुकानातल्या तिघांना माहीत तरी होते की नाही कोण जाणे.

पण हे पत्र त्यासाठीही नाही, ताई. ते पुठ्ठ्यासाठी आहे.

मी १७.३ इंचांवर अडून बसलो होतो. काउंटरवर चार माणसे खोळंबलेली असताना तुम्ही प्रिंटरचे रिकामे खोके ओढले, पोलादी पट्टी आणि ब्लेड घेऊन त्यातून १६, १७.३ आणि १८ इंची लॅपटॉपांच्या बाह्य मापाचे तीन तुकडे कापले, प्रत्येकावर पेनाने पडद्याची चौकट आखली आणि गरम हवा कुठून बाहेर पडेल तिथे बाण काढून ‘जाळी इकडे’ असे लिहिले. मग म्हणालात, ‘घाई नोका करू. आठ दिवस टेबलावर ठेवून पाहा, मंग या.’ पैसे घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला पुठ्ठा देऊन परत पाठवणारे दुकान मी पहिल्यांदाच पाहिले. एसटीत ते तुकडे मांडीवर घेऊन बसलो असताना मला का कोण जाणे भरून आले. गोड बोलणारे पुष्कळ भेटतात. माझ्या घरातले टेबल न पाहताच त्याची काळजी करणारे माणूस मला त्या दिवशी भेटले.

त्या आठ दिवसांत खूप कळले. १६ इंची पडदा नव्या, जास्त उभ्या प्रमाणाचा असल्याने त्याची उंची १७.३ इंचीएवढीच, सुमारे साडेएकवीस सेंटिमीटर भरते आणि फरक पडतो तो रुंदीत, हे मी चौकटी एकमेकींवर ठेवून स्वतः पाहिले. १८ इंची तुकडा पाहून आमच्या मंडळी म्हणाल्या की यावर पापड वाळत घालता येतील. त्याचा निकाल तिथेच लागला. तुमचे मत १६ इंचीकडे होते, पण ट्रॅक्टरच्या दोन्ही बाजूंचे आरसे मला मान न वळवता दिसायला हवे होते, म्हणून मी १७.३ च घेतला, आणि तुम्ही वाद घातला नाही. डावीकडचा बाण सरळ कापसाच्या गंजीकडे तोंड करून होता, हे मला तिसऱ्या दिवशी दिसले. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी टेबल उचलून समोरच्या खोलीत, कूलरच्या ओलाव्यापासून दूर नेले.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे शेवटचा वेचा संपला की पंखा साफ करून घ्यायला मी येईन. येताना १६ आणि १८ चे तुकडे परत आणतो. १७.३ चा सध्या आमच्या गल्लीतल्या एका पोराने नेला आहे. त्यालाही आठ दिवस ठेवायला सांगितले आहे.

आपला नम्र,
राळेगाव तालुक्यातील एक काकाजी