दादा, ते टेबल मी बसवले होते

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

हे पत्र उघडपणे लिहिण्याची कारणे दोन. समोर बसून आभार मानू लागलो की तुम्ही ‘चॉक दे’ म्हणून विषय बदलता, हे एक. आणि पूल या टेबलावरच्या चेंडूंच्या खेळातील तुमच्या एका पराभवाबद्दल सोलापुरातील खेळाडूंमध्ये इतकी वर्षे जे बोलले जाते, त्याचा खुलासा मला सर्वांसमक्ष करायचा आहे, हे दुसरे.

माझे वडील पूर्व भागात यंत्रमागावर चादरी विणत. कारखान्यातले माग एकेक करून थांबू लागले, तेव्हा दहावीनंतर मी पूल पार्लरमध्ये टेबले झाडणे, चेंडू पुसणे आणि रॅक लावणे, म्हणजे डावासाठी चेंडू चौकटीत रचणे, या कामाला लागलो. एकदा तेथील स्नूकरच्या टेबलावर नवे कापड बसवून कारागीर निघून गेले, आणि ब्रश मारताना मी सहज पुटपुटलो की याची लव उलटी बसली आहे. स्नूकरच्या कापडाची लव बॉककडून, म्हणजे खेळ जिथून सुरू होतो त्या टोकाकडून, काळ्या चेंडूच्या दिशेने जावी लागते, हे मला ठाऊक असण्याचे काहीच कारण नव्हते. शेजारच्या टेबलावर हात जिकडे सरळ सरकतो तिकडेच येथे तो अडतो, एवढेच विणकराच्या मुलाला जाणवले होते. सगळे हसले. तुम्ही मात्र क्यू, म्हणजे खेळायची काठी, भिंतीला टेकवून आलात, दोन्ही टेबलांवरून तळहात फिरवलात आणि म्हणालात, ‘पोराचं बरोबर आहे.’

त्यानंतर पार्लर उघडण्यापूर्वीच्या तुमच्या सरावाला मी चेंडू जागेवर ठेवू लागलो. नऊ नंबरचा चेंडू कोपऱ्याच्या पॉकेटसमोर, क्यूने मारायचा पांढरा टेबलाच्या मध्यावर. नऊ पडला पाहिजे आणि पांढरा धडकेच्या जागीच थांबला पाहिजे. असे सलग पन्नास वेळा, आणि एक जरी चुकला तरी मोजणी पुन्हा एकपासून. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात भारनियमनाने वीज गेली की तुम्ही खिडकीच्या उजेडात खेळत राहत असा. पैज लावून खेळायला येणाऱ्यांना तुम्ही हात जोडत असा, पण नवख्या मुलाने ‘एक रॅक खेळाल का’ म्हटले तर दमलेले असूनही नाही म्हणत नसा. तुमच्याकडून हरलेला माणूस हमखास तुमच्याच बाकावर चहा पीत बसलेला दिसे.

हुतात्मा एक्स्प्रेसने पहाटे पुण्याला जाऊन रात्री परतणे, आणि बक्षिसाची रक्कम तिकीट नि जेवणात संपणे, हा तर नेहमीचाच हिशेब. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजाच्या उंच काठ्या मिरवतात, त्या गर्दीत एका पोलिसाने तुमची क्यूची लांब पेटी उघडायला लावली, तेव्हा ‘साहेब, काठीच आहे, पण नंदीध्वजाची नव्हे’ असे तुम्ही म्हणालात आणि तोही हसला, हे अजून आमच्या घरी सांगितले जाते.

मला कामाची लाज वाटू लागली की तुम्ही फिलिपीन्सच्या एफ्रेन रेयेस यांची गोष्ट काढत असा. लहानपणी ते मनिला येथील नातेवाइकाच्या पूल हॉलमध्ये काम करत आणि रात्री टेबलावरच झोपत. तेच पुढे १९९९ मध्ये कार्डिफ येथे नाइन-बॉल या पूलच्या प्रकाराचे जगज्जेते झाले. मी काही खेळाडू झालो नाही. ते तुम्ही माझ्याआधी ओळखलेत आणि स्वतःच्या खर्चाने मला पुण्यातील एका टेबल बसवणाऱ्या कारागिराकडे पंधरा दिवस पाठवलेत.

आता त्या सामन्याविषयी. अंतिम फेरीसाठी नऊ फुटी टेबल मी प्रथमच एकट्याने बसवले होते. दगडाच्या तीन फरश्या पातळीत आणून, जोडांत मेण भरून, ते खरवडून वर कापड ताणले होते. शेवटच्या रॅकमध्ये आठ आणि नऊ एवढेच उरले असताना तुम्ही आठ नंबरचा चेंडू अगदी हळुवार सोडलात आणि पॉकेटच्या अलीकडे वीतभर अंतरावर तो बाजूला वळला. प्रतिस्पर्ध्याने उरलेले दोन्ही चेंडू घेतले आणि सामना जिंकला. दादांना दडपण पेलले नाही, असे लोक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पाना घेऊन आलात आणि ‘कापड उघडू या’ एवढेच म्हणालात. जोडावर तांदळाच्या दाण्याएवढे मेण राहिले होते. ते पात्याने काढून तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलेत आणि म्हणालात, ‘डोळ्याला दिसत नाही हे. नखानं बघत जा.’ त्यानंतर आजतागायत तुम्ही तो विषय माझ्याकडे काढला नाहीत, आणि कोणी विचारलेच तर ‘हात हलला’ असे सांगत आलात. माझे नाव तेव्हा बाहेर गेले असते, तर पुन्हा कोणी मला टेबलाला हात लावू दिला नसता.

आज बार्शी, पंढरपूर, लातूर येथूनही मला बोलावणी येतात आणि कापड टाकण्यापूर्वी प्रत्येक जोडावरून माझे नख दोनदा फिरते. याच कामावर घर चालते. वडिलांचे उपचारही त्यातूनच झाले. त्याबद्दल मनःपूर्वक आभार.

सोलापूरकर खेळाडूंना एवढेच कळवायचे होते की, त्या दिवशी दादांचा हात हलला नव्हता.

आपला नम्र,
पार्लरमध्ये रॅक लावणारा मुलगा
सोलापूर