तंजावरला गेलेल्या लेकीस

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, इथे आपलं असं काहीच नाही गं." तेव्हापासून जिवाला चैन नाही, म्हणून लिहायला बसले.

या रविवारी मोठ्या देवळात जा. तिकडे 'पेरिय कोविल' म्हणालीस की रिक्षावाला बरोबर नेईल. राजराज चोळाने १०१० मध्ये पुरं केलेलं हे बृहदीश्वराचं देऊळ. शिखर दोनशे फुटांहून उंच, सगळं ग्रॅनाइटचं. आणि तंजावर म्हणजे भाताची खाचरं, तिथे असला दगड मिळतच नाही. सगळा लांबून वाहून आणलेला. पण शिखर आणि नंदी बघून लगेच फिरू नकोस. भिंतीवरची देवनागरी अक्षरं शोध. तंजावरच्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास तिथे मराठीत कोरून घेतलाय. आम्ही गेलो तेव्हा तू बाबांच्या कडेवर होतीस. दोन दिवस दुकानाची एक पाटी वाचता आली नव्हती, आणि एकदम दगडावर आपली अक्षरं! मी ओळीखालून हवेतच बोट फिरवत वाचत राहिले. डोळे भरून आले होते.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे तिथे गेले आणि १८५५ पर्यंत त्यांच्या वंशाने राज्य केलं. राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालयही बघ. तिथे ताडपत्रांच्या पोथ्यांबरोबर मोडीतले कागद आहेत. आजही तिथली काही घरं मराठी बोलतात. कानाला वेगळी लागेल, पण दोन वाक्यं ऐकलीस की कळायला लागेल.

जेवणाचं म्हणशील तर भाताची सवय होईल. कुंभकोणमची डिग्री कॉफी मात्र पितळी डबरा-टंबलरमधूनच, म्हणजे वाटी-पेल्यातूनच घे, फेसासकट. तिरुवैयारूला कावेरीकाठी संतसंगीतकार त्यागराजांची समाधी आहे. तिथे हात जोड आणि गावातला अशोका हलवा खा. मूगडाळीचा, तुपाने निथळणारा. तुला आपल्या मूगडाळीच्या शिऱ्याची आठवण येईल.

आणि दिवाळीला येताना मान डोलवणारी बाहुली आण. तेव्हा आणलेलीचं डोकं आणि धड तू हरवलंस. तिचा घागरा अजून माझ्या कपाटात आहे.

तुझी,
आई