माळावरचा तरवड राखायला हात द्या : मंडळाचं सर्वांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

मृग पंधरा दिवसांवर आला आणि विहिरीमागच्या माळावरून मुरूम उचलणं काही थांबलेलं नाही, म्हणून हे पत्र घाईनं लिहिते आहे. सोलापुरात राहून तरवड, म्हणजे माळावरचं पिवळ्या फुलांचं झुडूप, माहीत नाही असा आपल्यात कोणी नाही. गेल्या नवरात्रात घटाच्या माळेसाठी फुलं आणायला गेलेल्या बायका दुरड्या अर्ध्या रिकाम्या घेऊन परतल्या. पूर्व भागातल्या आपल्या पद्मशाली भगिनींची बतुकम्मा, म्हणजे फुलांचे थर रचून मांडलेली देवी, तर तंगेडूच्या फुलांवाचून रचलीच जात नाही. तंगेडू म्हणजे आपला तरवडच. त्यांनी तेव्हा बाजारातला झेंडू विकत आणून थर पुरे केले. तेलंगणानं या फुलाला राज्यफुलाचा मान दिला आणि आपल्या माळावर त्याच्या मुळाखालचा मुरूम ट्रॉलीतून चालला आहे.

मंडळ उभं राहिलं ते गुरुजींमुळे, हे नव्या सभासदांना सांगायलाच हवं. सातवीच्या मुलांना घेऊन ते सकाळी माळावर जात आणि फुललेल्या झुडपाजवळ सगळ्यांना गप्प उभं करत. तरवडाच्या फुलात मध नसतो, असतो तो फक्त पराग, आणि तोही परागकोशाच्या टोकाच्या बारीक छिद्राआड बंद. काळा भुंगा येतो, फुलाला घट्ट धरतो आणि अंग असं थरथरवतो की पराग त्या छिद्रातून उडतो. मधमाशीला ही युक्ती येत नाही. तो गुंईऽऽ असा आवाज ऐकू आला की गुरुजी हात वर करायचे. त्या वर्गातली चार मुलं आज मंडळाच्या कार्यकारिणीवर आहेत. पानाच्या देठापाशी कानाच्या पाळीसारखी दोन उपपर्णं असतात, त्यावरूनच शास्त्रीय नावात ‘ऑरिक्युलाटा’, म्हणजे कानवाला, हा शब्द आला, हेही त्यांनीच दाखवलं. पिवळ्या भिरभिऱ्या फुलपाखरांच्या अळ्या याच पानांवर वाढतात, म्हणून अळी दिसली की झटकू नका, असं ते बजावत.

चर्मकार वस्तीतले अण्णा आता नाहीत. मोटा चालत त्या काळी चामडं कमावायला तरवडाची साल लागे. मूळ न उपटता फांदी बुडाशी छाटली की पुढच्या पावसात धुमारे फुटतात, ही त्यांची शिकवण. ती पाळली म्हणूनच दक्षिणेकडचा ताटवा अजून भरगच्च आहे. टँकरवाल्या शेठनी दुष्काळी उन्हाळ्यात रोपवाटिकेला आठवड्याला एक खेप दिली आणि पैशाचा विषय काढला तर रागावले. यंत्रमागावरच्या दादांनी एका पाळीची मजुरी पेटीत टाकली. पोस्टातल्या काकांनी पहिली पावती फाडली आणि आजही रोज पहाटे माळाला फेरी मारून कुठे काय उपटलं, कुठे राडारोडा पडला, ते वहीत लिहून ठेवतात. आक्कांनी हिवाळ्यात सुकलेल्या चपट्या शेंगा गोळा करून, बी निवडून, राख लावून डब्यात भरून ठेवलं आहे. सात डबे आहेत. या माणसांच्या जिवावर मंडळ चाललं.

आता मनात आहे ते लिहिते. तीन वर्षांपूर्वी याच माळासाठी आपण घरोघर पत्रं वाटली होती. उत्तरं अकरा आली. त्याच पावसाळ्यात एका खात्यानं वृक्षारोपणासाठी माळाचा एक पट्टा ‘झुडपं’ म्हणून साफ केला आणि तिथे गिरिपुष्प लावलं. आम्हाला कोणी विचारलं नाही. बरीच ओळखीची माणसं त्या दिवशी फोटोत हसत उभी होती, याचं वाईट वाटलं आणि अजून वाटतं. गिरिपुष्पही शेंगांच्याच कुळातलं, गुलाबी फुलांचं, दिसायला छान. पण ते मध्य अमेरिकेतून आलेलं. आपल्या घटाला ते चालत नाही.

काहींनी सुचवलं की पिवळंच हवं तर तरवडाच्या ‘सेना’ प्रजातीतलं दुसरं काही झटपट वाढणारं लावा. प्रजाती मोठी आणि गुणाची आहे हे खरं. पहिल्या पावसातली टाकळ्याची भाजी तिच्यातली, पोट साफ करणारी सोनामुखी तिच्यातली, नायट्यावर पाला चोळतात तो दादमर्दनही तिच्यातलाच. पण याच प्रजातीतलं परदेशी ‘स्पेक्टॅबिलिस’ वायनाडच्या जंगलात असं पसरलं आहे की ते काढता काढता तिथल्या वनकर्मचाऱ्यांच्या नाकी नऊ आले आहेत. आपल्या माळाला आपला तरवडच हवा. त्याला पाणी थोडं लागतं, मुरमाड जमीन चालते आणि गुरं सहसा तोंड लावत नाहीत. त्याला भीती आहे ती फक्त माणसाची आणि वणव्याची.

म्हणून कामं अशी : उत्तरेला ट्रॉली आत येऊ नये म्हणून चर आणि दगडी बांध, भोवती जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा), आणि उजाड पट्ट्यात ६०० रोपं. माळ राखायची लेखी परवानगी हाती आली आहे. अंदाजे खर्च १,८५,००० रुपये, जमा ६२,०००. चराचं यंत्र पावसाआधीच मिळतं, नंतर चिखलात ते चालत नाही, म्हणून रक्कम या महिनाअखेरपर्यंत हवी. ५० रुपयांचीही पावती मिळेल, पावतीशिवाय कोणाला पैसे देऊ नयेत. कार्यालय वाचनालयाच्या जिन्याखाली, संध्याकाळी ६ ते ८, सोमवारी बंद. पैसे जमत नसतील तर दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन द्या, रोपांना लागतात. बी घरी रुजवणाऱ्यांना आक्का मूठभर देतील. कवच कठीण असतं, तेव्हा कढत पाण्यात टाकून रात्रभर भिजवून मगच पेरा. श्रमदान येत्या दोन्ही रविवारी सकाळी ६ वाजता, विहिरीपाशी. घमेली मंडळाची आहेत, कुदळ-फावडं ज्याचं त्यानं आणावं. मुलांना जरूर आणा, गुरुजी येणार आहेत.

आपली,
चिटणीस