तारणाची तारीख आणि विश्वामित्रीची मगर

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आपल्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीतल्या मगरींवर एका वाचकाचं पत्र आलं होतं, पावसाळा तोंडावर आलाय तर मगरी शहरातून हलवा असं. त्यांची भीती मला अगदी कळते. ऑगस्ट 2024 ला नदी 35 फुटांच्या वर गेली तेव्हा फतेहगंजला आमच्या ग्राउंड फ्लोअरच्या घरात गुडघाभर पाणी, लाइट नाही, आणि कुठल्या सोसायटीत मगर शिरली त्याचे व्हिडिओ मोबाइलची बॅटरी संपेपर्यंत येत होते. पण मला मगरीबद्दल दुसरंच सांगायचंय, ते माझ्या तारणाशी जोडलेलं आहे, म्हणून पत्र लांबलं तरी छापा ही विनंती.

आम्ही मराठी ख्रिस्ती, बडोद्यातच जन्मलो वाढलो. बाकी मराठीत तारण म्हणजे कर्जासाठी ठेवलेलं सोनं-नाणं, आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तारण म्हणजे पापातून सुटका आणि सार्वकालिक जीवन. मी सतरा-अठरा वर्षांची असताना एका सभेत बाहेरगावच्या वक्त्यांनी सगळ्यांना उभं केलं आणि विचारलं, तुझं तारण कोणत्या दिवशी झालं, तारीख सांग. एकेक जण सांगत होता. माझ्यापाशी आले तेव्हा माझ्याकडे तारीखच नव्हती. लहानपणापासून प्रार्थना करत आले, येशूवर विश्वास आहे, एवढंच मला माहीत. ते म्हणाले मग तुझं तारण झालेलंच नाही. साहेब, त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं मी प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतला भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, घाबरत घेतलं, मुलं झाली, रिटायर झाले, तरी रात्री जाग आली की तेच, माझा विश्वास पुरेसा आहे का, मी नीट धरलंय ना.

आता दोन गोष्टी, दोन्ही याच गावातल्या.

माझं माहेर दांडिया बाजारात. जुन्या घराच्या मागच्या भिंतीत, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीखाली, वडाचं रोप यायचं. वडील दर दिवाळीला शिडी लावून ते उपटायचे, पुढच्या पावसात परत दोन तांबूस पानं बाहेर. कुठल्या पक्ष्याने कधी ते बी फटीत टाकलं, कोणत्या दिवशी त्याला मोड आला, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, पण वड आहे याबद्दल कोणाला शंका नव्हती, भिंतीला तडा गेलेला दिसत होता ना. त्या सभेनंतर इतकी वर्षं हे माझ्या डोळ्यासमोर होतं आणि मला ते दिसलं नाही. बायबलात योहानाच्या तिसऱ्या अध्यायात प्रभू येशू निकदेम नावाच्या एका यहुदी पुढाऱ्याला वाऱ्याचं उदाहरण देतो, आवाज ऐकू येतो पण कुठून आला ते कळत नाही, आत्म्यापासून जन्मलेल्याचं तसंच आहे म्हणतो. तारीख तिथेही विचारलेली नाही.

दुसरी गोष्ट मगरीची. पुराच्या आदल्या वर्षी जूनमध्ये मी कमाटी बागेत मॉर्निंग वॉकला जायचे, सोबत यजमानांची जुनी दुर्बीण, पक्षी बघायला. नदीवरच्या पुलावर चार-पाच जण कठड्याला टेकून खाली बघत होते म्हणून मीही थांबले. समोरच्या काठावर एक मोठी मगर माती उकरत होती. उन्हाळ्यात काठावर खड्डा करून ती 25-30 अंडी घालते, पिल्लं आतून आवाज करायला लागली की स्वतः उकरून त्यांना बाहेर काढते, हे मला तिथल्याच एका मुलाने सांगितलं. मग तिने तोंड उघडलं आणि वीतभर लांबीचं पिल्लू जबड्यात घेतलं. माझ्या अंगावर काटा आला, वाटलं खाल्लं. ती हळूहळू पाण्यात उतरली, तोंड उघडलं, आणि पिल्लू पोहत बाहेर आलं. परत गेली, दुसरं आणलं. दुर्बिणीतून मला तिचे दात दिसत होते आणि दातांच्या मधून त्या पिल्लाची शेपटी वळवळत होती, ज्या जबड्याने ती कासवाची पाठ फोडते त्याच जबड्यात पिल्लाला ओरखडासुद्धा नाही.

माहेरी शेजारी एक कीर्तनकार बुवा राहायचे, ते निरूपणात मर्कट न्याय आणि मार्जार न्याय सांगायचे, माकडीचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, मांजरीचं पिल्लू नुसतं लोंबतं आणि आई त्याला तोंडात धरून नेते. मी जन्मभर माकडीचं पिल्लू होऊन राहिले होते. त्या पुलावर मला योहान 10:28 मधलं येशूचं वचन आठवलं, माझ्या हातातून त्यांना कोणी हिसकावून घेणार नाही, हे मला संडेस्कूलपासून पाठ आहे, पण त्यातला धरणारा हात कोणाचा आहे हे मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं असं म्हणा. मी तिथेच रडले. लोकांना वाटलं चक्कर आली, कोणीतरी पाण्याची बाटली दिली.

आता कोणी म्हणेल मग निसर्ग बघा आणि झालं तारण, बायबल कशाला. तसं मी म्हणत नाही. रोमकरांस पत्र 1:20 सांगतं की सृष्टीवरून देवाचं सामर्थ्य आणि देवपण कळतं, पण क्षमा कशी मिळते ते झाड सांगत नाही, मगर तर नाहीच. ते वधस्तंभापाशीच कळतं. आणि तीच नदी पुढच्या वर्षी आमच्या घरात शिरली, हेही मी विसरलेली नाही. पण त्या तीन दिवसांत रोज सकाळी घाण पाण्यावर ऊन पडायचं तेव्हा मी बायबलातला यिर्मयाचा 31 वा अध्याय काढून बसायचे. तिथे देव सूर्य, चंद्र, ताऱ्यांचे नियम दाखवून म्हणतो की हे मोडले तरच माझे लोक माझे राहणार नाहीत. म्हणजे बाजारातल्या मराठीत बोलायचं तर देवाने रोजचा सूर्य तारण ठेवलाय. माझं मन कधी खंबीर, कधी ढेपाळलेलं, सूर्य त्यावर अवलंबून नाही.

पंडिता रमाबाईंचंच बघा, 1883 मध्ये बाप्तिस्मा झाला, आणि ख्रिस्त स्वतः सापडला तो त्यांच्याच सांगण्याप्रमाणे आठेक वर्षांनी. एवढ्या विदुषीला वेळ लागला, तर साध्या माणसाला भर सभेत उभं करून तारीख विचारणं मला फार क्रूर वाटतं, आमच्या पाळकांनी आणि वक्त्यांनी हे थांबवावं.

परवा उपासनेनंतर मंडळीतली एक मुलगी, वीस-बावीसची असेल, मला कोपऱ्यात घेऊन रडली. तिलाही कोणीतरी तेच विचारलंय. पिल्लं बाहेर यायचे दिवस आलेत, तिला या शनिवारी सकाळी सहाला पुलावर घेऊन जाणार आहे, दुर्बीण माझ्याकडे आहे.

आपली,
एक वाचक, फतेहगंज, बडोदा