लक्षणे वाढली म्हणजे आजार वाढला असे नाही

नेरुळ, नवी मुंबई

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबांनी परवा विचारलेला प्रश्न फोनवर दोन वाक्यांत सुटणारा नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. रविवारी मी तुमच्याबरोबर तलावपाळीला पूर्ण फेरी मारली आणि बुधवारी दुपारी तुम्ही नेरुळला आलात तेव्हा मला भिंतीला हात लावल्याशिवाय दारापर्यंत येता येत नव्हते. तर मधल्या काळात आजार वाढला का, असे तुम्ही विचारलेत. आईने काहीच विचारले नाही, पण तिच्या मनात तेच होते हे मला दिसत होते. मला तुम्हा दोघांना एवढेच पटवून द्यायचे आहे की एमएसमध्ये, म्हणजे माझ्या या मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, लक्षणे वाढणे आणि आजार वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक घरच्या घरीही बराचसा ओळखता येतो.

या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांमधील तंतूंवर असलेल्या मायलिन नावाच्या आवरणावरच हल्ला करते. हल्ला ओसरल्यावर ते आवरण काही अंशी भरून येते, पण जिथे ते विरळच राहते तिथून संदेश जेमतेम पुढे जातात. घोडबंदर रस्त्याची एक बाजू कामासाठी बंद असली तरी गर्दी नसताना गाडी निघून जाते आणि रहदारी जराशी वाढली की सगळे ठप्प होते, पण म्हणून रस्ता त्या क्षणी नव्याने खचलेला नसतो. माझ्या जुन्या जखमांचे तसेच आहे. त्यांच्यावर ताण आणणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे उष्णता. शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी अशा तंतूंमधून संदेश अडू शकतो. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० साली, श्रमानंतर काही रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावते, अशी नोंद केली होती. ते श्रमांमुळे नव्हे तर वाढलेल्या तापमानामुळे होते, हे पुढे स्पष्ट झाले आणि आजही डॉक्टर या प्रकाराला त्याच्याच नावाने ओळखतात.

बुधवारी सकाळपासून आमच्याकडे वीज नव्हती, आणि ऑक्टोबरातली खाडीकाठची हवा तुम्हाला ठाऊकच आहे: घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग निवत नाही. तुम्ही ठाण्याची गाडी पकडून गेल्यानंतर मी गार पाण्याने अंघोळ केली, वीज आल्यावर पंख्याखाली पडून राहिले, आणि दिवेलागणीला माझा चहा मी स्वतः केला. नवा हल्ला असता तर पाय असे काही तासांत ताळ्यावर आले नसते.

खरा रिलॅप्स, म्हणजे आजाराचा नवा हल्ला, कसा असतो ते तुम्ही माझ्या पहिल्या वेळी पाहिलेले आहे. उजवा डोळा हलवला की आत दुखायचे, मग आईची लाल साडी त्या डोळ्याने मातकट दिसू लागली, आणि दोन-तीन दिवसांत धूसरपणा वाढत गेला. थंड खोलीत बसून किंवा झोप काढून त्यात तिळमात्र फरक पडला नाही, आणि दृष्टी परत यायला कित्येक आठवडे लागले. नवीन लक्षण, किंवा जुने लक्षण स्पष्टपणे वाढलेले, निदान २४ तास सलग टिकले, अंगात ताप किंवा संसर्ग नसला आणि आधीच्या हल्ल्याला किमान ३० दिवस होऊन गेलेले असले, तर डॉक्टर त्याला रिलॅप्स म्हणतात.

यातली संसर्गाची अट फार महत्त्वाची आहे. साधा फ्लू झाला किंवा लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला तरी माझी जुनी लक्षणे रिलॅप्ससारखी उसळून येतात आणि दिवसचे दिवस राहू शकतात. त्यातही या आजारात लघवीची संवेदना बदललेली असू शकते, त्यामुळे जळजळ न होताही संसर्ग असू शकतो. म्हणूनच डॉक्टर आधी तापमान पाहतात, लघवी तपासायला देतात आणि मगच स्टेरॉइडचे ठरवतात, कारण संसर्ग असताना स्टेरॉइड दिले तर तो बळावू शकतो. "लगेच सलाइन का लावत नाहीत?" अशी बाबांची तगमग मला समजते. पण मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे ते तीन ते पाच दिवसांचे उपचार बरे होण्याचा वेग वाढवतात; शेवटी किती बरे वाटेल हे त्यांवर फारसे अवलंबून नसते. त्यामुळे सौम्य रिलॅप्समध्ये ते टाळलेही जातात.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती मला अधिक काळजीची वाटते. मी महिनोन्महिने उत्तम असले म्हणून आजार झोपला आहे असे समजता येत नाही. बाहेर एकही लक्षण नसताना मेंदूत नवे चट्टे उमटू शकतात, आणि ते एमआरआयमध्येच दिसतात. म्हणून बाबा, "आता बरी आहेस तर ते महागडे औषध कशाला?" याचे उत्तर असे की ते औषध आजचे दुखणे थांबवण्यासाठी नसून पुढचे हल्ले कमी व्हावेत यासाठी आहे. आणि आई, गुळवेलीचा काढा मी घेतला नाही म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. माझी प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती माझ्यावरच उलटली आहे; माझे औषध तिला आवर घालते आणि काढा तिला चेतवण्यासाठी दिला जातो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी तसले काहीही घेणार नाही.

थकव्याविषयी मात्र मला तुमच्याकडून विश्वास हवा आहे. तो झोप कमी झाल्याचा थकवा नसतो; रात्रभर झोपूनही सकाळी येतो आणि बाहेरून दिसत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत एमएसचा समावेश आहे, तरी दिव्यांगांच्या डब्यात मी काठीशिवाय चढले की लोक माझ्या पायांकडे पाहतात. परक्यांचे मी सोडून देते. तुम्ही "आज तर चांगली दिसतेस" असे म्हणालात की मला नाही म्हणणे जड जाते.

बाबा, तुम्ही माझ्यासाठी जी वही घातली आहे तिच्यात "बरी" आणि "वाईट" असे न लिहिता काय झाले, केव्हा सुरू झाले, किती वेळ टिकले, तेव्हा ताप होता का, उकाडा होता का आणि गारव्याने उतरले का, एवढे लिहा. एखादी गोष्ट दुसऱ्या दिवशीही तशीच राहिली, किंवा डोळा, चालणे अथवा लघवी यांत काही नवे जाणवले, तर रात्र असली तरी मला सांगा. मी डॉक्टरांना कळवीन. पुढच्या महिन्यात एमआरआय झाल्यावर न्यूरोलॉजिस्टची भेट आहे. तुम्ही दोघे सोबत यावे अशी माझी इच्छा आहे. वही बरोबर आणा, आणि आईच्या मनात जे असेल ते तिने स्वतः त्यांना विचारावे.

तुमची,
वैदेही